‘पोलीस’ शब्दाचा अर्थप्रवास आणि मराठवाड्यातील ‘पोलीस ॲक्शन’

प्रस्तावना :
कंधारसह मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्दप्रयोग कालगणनेची खूण म्हणून येतो. वास्तविक ती कारवाई सैन्याची होती. मग तिला ‘पोलीस’ हे विशेषण का लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्युत्पत्ती व अर्थविकास :
‘पोलीस’ या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील नगरराज्यवाचक ‘पोलिस’ या शब्दात आहे. त्यावरून राज्यव्यवस्था या अर्थाचा ‘पोलितेइया’ हा शब्द बनला व तो लॅटिन आणि फ्रेंच भाषांमार्फत इंग्रजीत आला. धोरण या अर्थाचा ‘पॉलिसी’ हा शब्दही त्याच मुळाचा होय. आरंभी ‘पोलीस’ म्हणजे मुलकी कारभार व सार्वजनिक सुव्यवस्था असा व्यापक अर्थ होता. रॉबर्ट पील यांनी १८२९ मध्ये लंडनमध्ये पोलीस दल स्थापन केल्यानंतर गणवेशधारी दल हा अर्थ दृढ झाला. निजामी राज्यातील खेड्यांत महसुलासाठी माली पाटील व बंदोबस्तासाठी पोलीस पाटील असे. म्हणजेच हा परका शब्द गावगाड्यात मुरलेला होता.

१९४८ ची कारवाई :
१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. लष्करी दप्तरात मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असले तरी शासनाने तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटले. संस्थानाने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली होती. ‘युद्ध’ म्हटल्यास समोर दुसरे राष्ट्र मानावे लागते. ‘पोलीस’ शब्दाने प्रश्न अंतर्गत सुव्यवस्थेचा ठरतो. डचांनीही १९४७ मध्ये इंडोनेशियातील लष्करी मोहिमेस हेच नाव दिले होते. मात्र तेथे हेतू वसाहत राखण्याचा होता.

लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी गांजलेल्या जनतेला ही कारवाई मुक्तीच वाटली. परंतु त्यानंतर अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र शासनाने पाठविलेल्या सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदविला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचा समावेश होता. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला.

समारोप :
‘मुक्तिसंग्राम’ या शब्दात लोकलढ्याची स्मृती आहे, तर ‘पोलीस ॲक्शन’मध्ये शासनाची भूमिका आहे. सुव्यवस्थावाचक शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दिवसांत अनेक गावांत सुव्यवस्थाच उरली नव्हती. म्हणून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने हा शब्द केवळ तारखेपुरता न वापरता, रझाकारांचा काळ आणि त्यानंतरचे दिवस या दोहोंच्या मौखिक नोंदी गावनिहाय घेणे अगत्याचे आहे. ते पाहिलेली पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे.