रोबोंनी वाजवणारी माणसं का बोलावली?

हल्ली जिकडेतिकडे एकच चर्चा. एआयला दोन ओळी लिहून दिल्या की गाणं तयार! ना तबलजी लागतो, ना गायक. म्हणून आज पॅरिसच्या एका जोडीची गोष्ट सांगतो.

तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. जोडीचं नाव डाफ्ट पंक. १९९७ मध्ये 'होमवर्क' हा पहिला अल्बम आला, तो बराचसा घरच्या खोलीत बनवलेला. हाताशी ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि सॅम्पलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र. पुढे दोघांनी डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि 'आम्ही रोबो' म्हणून मिरवले.

तोमाचे वडील दानिएल वांगार्द हे डिस्कोच्या जमान्यातले गीतकार-निर्माते. आपल्या 'जिमी जिमी'ची चाल ओटावानच्या ज्या फ्रेंच गाण्यावरून आली असं म्हणतात, ते गाणं वांगार्द आणि त्यांच्या जोडीदाराचं. म्हणजे आपल्या वरातीत या घराचा हात आधीपासून आहे बघा!

२००५ चा 'ह्यूमन आफ्टर ऑल' त्यांनी दीडेक महिन्यात उरकला. तेच तेच वाजतंय, अशी टीका झाली. त्यानंतर दौरे झाले, एका सिनेमाचं संगीत झालं, पण स्वतःचा नवा स्टुडिओ अल्बम यायला आठ वर्षं लागली.

मे २०१३ मध्ये 'रँडम अॅक्सेस मेमरीज' आला आणि लोक चक्रावले. यंत्रांवर नाव कमावलेल्यांनी पदरचे पैसे घालून वादक बोलावले होते. ड्रमवर ओमर हकीम आणि मायकल जॅक्सनच्या 'ऑफ द वॉल'वर वाजवलेले जॉन रॉबिन्सन. बेसवर नेथन ईस्ट. सिंथेसायझर होते, आवाज रोबोसारखा करणारं यंत्रही होतं, पण सॅम्पल जवळजवळ नाहीच.

गिटारवर 'शिक' बँडचे नाईल रॉजर्स. १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोट करून उडवल्या गेल्या. पाहता पाहता डिस्कोची फॅशन गेली, शिकचे दिवसही फिरले. तेच रॉजर्स ३४ वर्षांनी 'गेट लकी'मधून जगभर वाजले. दुसरे पाहुणे जॉर्जो मोरोडर. १९७७ मध्ये डोना समरचं गाणं जवळपास सगळं सिंथेसायझरवर उभं करणारा माणूस. इथे ते आपली कहाणी बोलतात आणि मागे खरे वादक वाजवतात.

अल्बम वाजवण्याचा जाहीर कार्यक्रम कुठे ठेवला? ऑस्ट्रेलियातल्या वी वा गावात, तिथल्या कृषी प्रदर्शनात! वस्ती जेमतेम दोन हजारांची आणि मुख्य पीक कापूस, आपल्या भागासारखंच. जोडी स्वतः आलीच नाही, तरी गावाचं नाव जगभर झालं.

जानेवारी २०१४ मध्ये अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्यातला एक पुरस्कार ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी होता. दोघे हेल्मेट घालून गप्प उभे होते, बोलले दुसरेच.

मला यात महत्त्वाचं हे वाटतं. सॅम्पलर ज्या रेकॉर्डींवर जगला, त्या कुणीतरी घाम गाळून, मजुरी घेऊन वाजवलेल्या होत्या. यंत्र त्या साठ्यातून उचलतं. एआयचंही तेच आहे. सगळंच धान्य दळून खाल्लं तर पेरायला काय उरणार? या जोडीने ते ओळखलं आणि पुन्हा पेरणीचा खर्च केला. २०२१ मध्ये जोडी फुटली. २०२३ मध्ये बांगाल्तेरने सांगितलं की आजच्या जगात आपल्याला रोबो तर अजिबात व्हायचं नाही.

आपल्याकडे डीजेचा आवाज किती डेसिबल असावा यावर दरवर्षी बैठका होतात. बँडवाले, सनईवाले, ढोलकीवाले सीझन सोडून बाकीचे महिने काय करतात, यावर एक तरी बैठक झालेली आठवते का? आठवत असेल तर कमेंटमध्ये सांगा. नसेल तर नगरपालिकेत विचारायला हवं.