वेग सोडून ओढ घेताना : जालना जिल्हा आणि लहान इंजिनं

लहान दुचाकींचा इतिहास म्हटला की कारखाने, मॉडेल आणि जाहिराती डोळ्यांसमोर येतात. आज आपण हा इतिहास गॅरेजच्या बाजूने पाहू. गाडी दुकानातून बाहेर पडल्यावर तिच्यात काय बदललं, आणि का बदललं? आमचं म्हणणं एवढंच आहे की जालन्यासारख्या जिल्ह्यात माणसाला वेग फारसा नको होता, ओढ हवी होती. त्यासाठी त्याने जे केलं त्याची नोंद कागदावर झालीच नाही.

जगात इतरत्र हे काम खेळापासून सुरू झालं. अमेरिकेत गवत कापायच्या यंत्राचं इंजिन छोट्या सांगाड्यावर बसवून मिनी बाइक केल्या गेल्या. जपानमध्ये होंडाने 1961 मध्ये टोकियोजवळच्या टामा टेक या करमणूक बागेसाठी 50 सीसीची चिमुकली गाडी केली. तीच पुढे ‘मंकी’ झाली. आपल्याकडे मात्र लहान इंजिन आलं ते थेट कामाला जुंपायला.

साल होतं 1972. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या ‘चाओ’वरून लूना बाजारात आणली. 50 सीसी, पायडल, गियरची भानगड नाही. महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचं वर्षही हेच. आजचा जालना जिल्हा तेव्हा औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत विभागलेला होता. 1 मे 1981 ला जालना वेगळा जिल्हा झाला आणि त्याच वर्षी बजाजची एम-50 आली. 1985 मध्ये शेजारी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, 1986 मध्ये एम-80 आली. दुधाचे कॅन, भाजीच्या गोण्या, खताची पोती या गाड्यांवर चढली. गाडी आखली होती एक-दोन माणसांसाठी, आणि वाहायची होती अख्खा बाजार.

आता तंत्राकडे येऊ. इंजिनाची ताकद तेवढीच ठेवून ओढ कशी वाढवायची? चेनवर चालणाऱ्या गाडीत उत्तर दातांमध्ये असतं. समजा पुढच्या स्प्रॉकेटला 14 दात आणि मागच्याला 42 आहेत. म्हणजे पुढचं चक्र तीनदा फिरलं की चाक एकदा फिरतं. आता पुढे 13 आणि मागे 45 दात बसवा. प्रमाण 3 वरून साधारण 3.46 होतं. चाकावरची ओढ सुमारे 15 टक्के वाढते, आणि त्याच फेऱ्यांवर 60 चा वेग 52 वर येतो. फुकट काहीच मिळत नाही. पेट्रोल जास्त लागतं, सपाट रस्त्यावरही इंजिन ओरडत राहतं. ब्रेक तर जुनेच राहतात, हे विसरू नका.

दुसरा प्रकार बोअरचा. सिलिंडर झिजला की तो घासून मोठा करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. पुष्कळांना वाटतं, याने गाडी ‘पॉवरफुल’ होते. 38 मिलिमीटरच्या बोअरमध्ये अर्धा मिलिमीटर वाढवला तर क्षमता वाढते जेमतेम अडीच टक्के. गाडीत जीव आल्यासारखा वाटतो तो मुख्यतः गळकं कॉम्प्रेशन परत आल्यामुळे. म्हणजे ही खरी दुरुस्तीच.

याच विचाराचं टोक म्हणजे शेतातली मोटारसायकल. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी 1994 च्या सुमारास बुलेटचं मागचं चाक काढून तिला शेतीची अवजारं जोडली. ‘बुलेट सांती’ म्हणून ती ओळखली जाते. बैलजोडी परवडेना, हे त्यामागचं कारण मराठवाड्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. कोळपणीला वेग काय करायचा? तिथे माणसाच्या चालीने चालणारी ओढ लागते.

आणि कायदा? मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच आहे. जास्त ओझं घेऊन उतारावर येणाऱ्या गाडीचे ब्रेक कमी पडले तर जीव जातो. पण इतिहास शोधणाऱ्यांपुढे यातून वेगळी अडचण उभी राहते. नोंदणीच्या कागदावर सीसी लिहिलेले असतात, स्प्रॉकेटचे दात नसतात. आणि नियमाबाहेरचं काम कोणी बिलावरही लिहीत नाही.

मग पुरावा उरतो कुठे? मिस्त्रीच्या डोक्यात, आणि बदललेल्या सुट्या भागांत. ते भाग शेवटी भंगारात जातात. जालना तर पोलादाचं गाव. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. 2024 मध्ये इलेक्ट्रिक लूना आली. तिच्यात पिस्टनच नाही, तेव्हा बोअरचं कसब शिकायला पुढे कोण येणार? म्हणून आपल्या गावातले जुने मिस्त्री हयात आहेत तोवर त्यांच्याकडे वही घेऊन बसा. किती दात बदलले, कोणत्या ओझ्यासाठी, आणि काय बिघडलं, एवढे तीन प्रश्न विचारा. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नसलेलं एक प्रकरण त्यातून लिहून होईल.