रक्स शर्की
ईजिप्तमधील स्त्रियांचा एक एकल नृत्यप्रकार. अरबीत ‘रक्स’ म्हणजे नृत्य व ‘शर्की’ म्हणजे पौर्वात्य. पाश्चात्त्य देशांत तो ‘बेली डान्स’ (उदरनृत्य) म्हणून ओळखला जातो. तथापि हे नाव फसवे आहे. कारण नितंब, कंबर, उदर, वक्ष व खांदे यांच्या स्वतंत्र, पण तालबद्ध हालचालींवर हे नृत्य उभे असते. पदन्यासास त्यात दुय्यम स्थान आहे. तालवाद्याचे आघात नर्तिका नितंबांच्या हिसक्यांनी व कंपनांनी दाखविते. कानून, नाय यांसारख्या वाद्यांच्या संथ सुरावटीबरोबर तिचे अंग लाटेसारखे वळते.

या नृत्याचे मूळ ‘रक्स बलदी’ या घरगुती नृत्यात आहे. विवाहप्रसंगी व स्त्रियांच्या मेळाव्यांत मुली थोरांचे पाहूनच ते शिकतात. त्यासाठी गुरू लागत नाही आणि वयाची अटही नसते. मात्र तेच नृत्य पैसे घेऊन परक्यांपुढे करणारी स्त्री समाजात हीन मानली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अंतःपुरांत गाणाऱ्या ‘अवालिम’ व रस्त्यांवर नाचणाऱ्या ‘घवाझी’ असे कलावतींचे दोन वर्ग होते. १८३४ मध्ये मुहंमद अली याने सार्वजनिक नर्तिकांना कैरोतून हद्दपार करून दक्षिण ईजिप्तमध्ये धाडले. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेअर याला कुचुक हानेम ही नर्तिका १८५० मध्ये भेटली, ती तेथील एस्ना गावी. त्याच्या लेखनामुळे ती यूरोपभर प्रसिद्ध झाली. तिचे स्वतःचे म्हणणे मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

बदिया मसाबनी हिने १९२६ मध्ये कैरोत रंजनगृह काढले आणि या नृत्याला रंगमंचीय रूप आले. वाद्यवृंद, बाहूंच्या विस्तृत हालचाली, रंगमंचभर संचार व दोन भागांचा चमकदार वेश ही त्याची अंगे याच काळात रूढ झाली. तहिया कारिओका व सामिया गमाल या तेथूनच पुढे आल्या आणि चित्रपटांतून अरब जगतात लोकप्रिय झाल्या. हे नृत्य फेअरोंच्या काळापासून अखंड चालत आले, या समजुतीस सबळ पुरावा नाही. त्याचा वारसा तुलनेने अलीकडचा व मिश्र आहे. त्याने त्याचे मोल उणावत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोप-अमेरिकेतील स्त्रिया व्यायाम व आत्मविश्वास यांसाठी हे नृत्य शिकू लागल्या. प्रसूतीच्या तयारीसाठी ते निर्माण झाले, हे मत ऐतिहासिक दृष्ट्या सिद्ध झालेले नाही. पाठ, उदर व श्रोणी यांच्या स्नायूंना त्यामुळे बेताचा व्यायाम होतो, हे मात्र खरे. शिवाय प्रौढ व स्थूल स्त्रीलाही त्यात संकोच वाटण्याचे कारण नसते. ईजिप्तमधील घराघरांत ही गोष्ट पूर्वीपासून गृहीत धरलेली आहे.

जतनाच्या बाबतीत शासनाचे धोरण संदिग्ध राहिले. महमूद रेडा यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या लोकनृत्यपथकास राजाश्रय मिळाला. एकल नर्तिकेच्या वाट्याला परवाने व वेशाचे निर्बंधच अधिक आले. २००४ मध्ये परदेशी नर्तिकांवर बंदी घालण्यात आली व त्याच वर्षी ती उठविण्यात आली. अलीकडे नर्तिका एमी सुलतान यांनी कैरोत ‘तक्सीम’ ही शिक्षणसंस्था काढली असून यूनेस्कोच्या वारसासूचीत या नृत्याचा समावेश व्हावा यासाठी त्या प्रयत्नशील आहेत.