डायल-अप मोडेम
संगणकातील द्विमान अंकांचे (० व १) दूरध्वनीच्या तारेवरून जाऊ शकणाऱ्या स्वरांत आणि त्या स्वरांचे पुन्हा अंकांत रूपांतर करणाऱ्या साधनास मोडेम म्हणतात. ‘मॉड्युलेटर’ व ‘डिमॉड्युलेटर’ या शब्दांच्या आद्य भागांवरून हे नाव पडले आहे. साध्या दूरध्वनीवर क्रमांक फिरवून संपर्क साधणारा तो डायल-अप मोडेम होय. अंकांचे स्वर कसे करावयाचे, हा प्रश्न अभियंत्यांनी लवकर सोडविला. परंतु दूरध्वनीच्या तारेला यंत्र कोणी जोडावयाचे आणि संगणकाकडून येणाऱ्या अंकांतील आज्ञा कोणती व मजकूर कोणता हे मोडेमने कसे ओळखावयाचे, हे दोन प्रश्न सुटल्यानंतरच तो सामान्य माणसाच्या हाती आला.

दूरध्वनीचे मंडल मानवी आवाजासाठी आखलेले असल्याने त्यातून सु. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचे) स्वरच नीट जातात. बेल १०३ या अमेरिकन मोडेमात (१९६२) संपर्क साधणारे यंत्र ० साठी १,०७० व १ साठी १,२७० हर्ट्‌झचा, तर उत्तर देणारे यंत्र अनुक्रमे २,०२५ व २,२२५ हर्ट्‌झचा स्वर वापरी. त्यामुळे एकाच तारेवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी सेकंदाला ३०० अंक पाठविता येत.

अमेरिकेत परकी उपकरणे तारेला जोडण्यास दूरध्वनी कंपनीची मनाई असे. यावर तोड म्हणून श्रवणयंत्र मोडेमावरील रबरी खोबणीत ठेवून स्वर हवेतूनच पोहोचविण्याची पद्धत निघाली. रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकीविज्ञांनी १९६४ मध्ये असे साधन तयार केले व त्यामुळे कर्णबधिरांना टंकलेखी दूरमुद्रकाच्या साहाय्याने दूरध्वनीवर संभाषण करता येऊ लागले. कार्टरफोन प्रकरणात संघीय संदेशवहन आयोगाने १९६८ मध्ये ही मनाई रद्द ठरविली. तरीही मध्ये आपलेच संरक्षक उपकरण असावे, असा कंपनीचा आग्रह राहिला. १९७५ मध्ये आयोगाने उपकरणांच्या नोंदणीचे नियम केले व ते अमलात आल्यावर नोंदणीकृत मोडेम तारेला थेट जोडता येऊ लागला.

तोपर्यंत क्रमांक बहुधा माणूसच फिरवी. यंत्राकडून तो फिरवावयाचा झाल्यास निराळे साधन व निराळी जोडणी लागे. डेनिस हेझ व डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीच्या स्मार्टमोडेमने (१९८१) ही अडचण दूर केली. संगणकाच्या नेहमीच्याच जोडणीतून येणारी ‘एटी’ (अटेन्शन म्हणजे ‘लक्ष द्या’) ही अक्षरे आज्ञेची खूण ठरली. त्यांच्या अंकरचनेवरून मोडेम संगणकाचा वेगही ओळखी. पुढे ‘डी’ व क्रमांक आल्यास मोडेम मंडल जोडून (म्हणजे जणू श्रवणयंत्र उचलून) क्रमांक फिरवी. ‘पी’ असल्यास विद्युत् प्रवाह खंडित करून निर्माण होणाऱ्या स्पंदांनी व ‘टी’ असल्यास स्वरांनी. ‘ए’ म्हणजे उत्तर दे व ‘एच’ म्हणजे संपर्क तोड.

संपर्क जुळल्यावर मात्र येणारे प्रत्येक अक्षर मजकूर म्हणून पलीकडे जाई. मग आज्ञा कशी द्यावयाची? एक सेकंद शांतता, लागोपाठ तीन अधिक चिन्हे व पुन्हा एक सेकंद शांतता, असा संकेत ठरविण्यात आला. चिन्हे मजकुरातही येऊ शकतात. पण दोन्ही बाजूंचा विराम सहसा येत नाही, हे यातील मर्म होय. हेदरिंग्टन यांना याचे पेटंट १९८५ मध्ये मिळाले. ते टाळण्यासाठी काही उत्पादकांनी विराम वगळला; अशा मोडेमातून ती चिन्हे व त्यांमागोमाग एखादी आज्ञा असलेला मजकूर गेल्यास संपर्क मध्येच तुटण्याचा धोका असे.

पुढे वेग वाढत जाऊन १९९८ च्या व्ही. ९० मानकानुसार सेकंदाला कमाल ५६,००० अंक ग्रहण करता येऊ लागले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तीही मुख्यतः डायल-अप मोडेमाच्या आधारे. रुंदपट्ट सेवांच्या प्रसारानंतर हा मोडेम मागे पडला. पण त्याची आज्ञापद्धती टिकून आहे. भ्रमणध्वनीच्या जाळ्याशी यंत्रे जोडणारे मोडेम आजही ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा पाळतात.