तिसरं पेडल

परवा जेवणाच्या सुट्टीत टीममध्ये तो जुनाच वाद पुन्हा पेटला. मॅन्युअल की ऑटोमॅटिक? "ट्रॅफिकमध्ये डावा पाय कामातून जातो रे" हा एक पक्ष आणि "क्लच नसेल तर ती गाडी कसली, ती तर लिफ्ट!" हा दुसरा. नेहमीप्रमाणे निकाल काही लागला नाही. पण माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला, की हा वाद कधीपासून चाललाय? म्हणून या शनिवारी एकच कंपनी घेऊन बसलो, पोर्श. कारण हा वाद तिने नुसत्या ग्राहकांशी नाही, तर स्वतःशीसुद्धा पन्नासेक वर्षं घातलाय.

सुरुवात जरा मागून करू. जुन्या गिअरबॉक्सात गिअर बदलणं म्हणजे कसरतच होती. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, खालचा गिअर हवा असेल तर थोडा अॅक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. वेग जुळला नाही की दात दातांवर घासून कर्रर्र! मग सिंक्रोमेश आलं. गिअर जुळायच्या आधी दोन्ही भागांचा वेग एकसारखा करणारी ही कडी. पोर्शने स्वतःच्या पद्धतीचं सिंक्रोमेश बनवलं आणि १९५२ पासून ते ३५६ गाडीच्या चारही गिअर्सना मिळालं. म्हणजे ड्रायव्हरचं एक मोठं कौशल्य यंत्राने तेव्हाच काढून घेतलं होतं. आज मॅन्युअलसाठी गळा काढणाऱ्यांपैकी (मीही त्यातलाच) त्या कौशल्यासाठी कोण रडतं? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा अंक १९६७ चा. पोर्शने ९११ मध्ये स्पोर्टोमॅटिक आणलं. यात गिअर हातानेच टाकायचे, पण क्लचचं पेडल गायब. गिअरच्या दांड्याला हात लागला की एक स्विच दाबला जायचा आणि निर्वाताच्या जोरावर क्लच आपोआप सुटायचा. गंमत म्हणजे सवयीने दांड्यावर हात टेकवून बसलात तरी क्लच सुटणार आणि इंजिन बोंबलत सुटणार! आता वाटेल की हे आळशी लोकांसाठी होतं. पण त्याच वर्षी नुर्बुर्गरिंगवर झालेली ८४ तासांची शर्यत याच गिअरबॉक्सच्या ९११ आर ने जिंकली. १९८० पर्यंत स्पोर्टोमॅटिक मिळत होतं, पण "खरा ड्रायव्हर" या मंडळींनी ते कधी मनापासून आपलं म्हटलं नाही.

तिसरा अंक मला सगळ्यात आवडतो, कारण यात आपल्या धंद्याचा संबंध आहे. १९८० च्या दशकात पोर्शने शर्यतीच्या ९५६ आणि ९६२ गाड्यांवर पीडीके म्हणजे डबल क्लचचा गिअरबॉक्स तपासायला घेतला. कल्पना साधी आहे. १, ३, ५ हे गिअर एका शाफ्टवर, २, ४ दुसऱ्यावर आणि प्रत्येकाला वेगळा क्लच. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून तयार असतो. बदलायच्या वेळी फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. प्रोसेसर पुढची इन्स्ट्रक्शन आधीच आणून ठेवतो ना, अगदी तसं. शिवाय अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागत नसल्याने टर्बोचा दाबही पडत नाही. १९८६ मध्ये मोंझाला हान्स योआखिम स्टुक आणि डेरेक बेल यांनी पीडीकेवाली ९६२ घेऊन शर्यत जिंकली.

मग ते लगेच रस्त्यावर का आलं नाही? हार्डवेअरची कल्पना तयार होती, पण बॉक्स जड होता आणि त्याला हाकणारं इलेक्ट्रॉनिक्स त्या काळी तेवढं सक्षम नव्हतं. डबल क्लच आधी रस्त्यावर आणला फोक्सवॅगन आणि ऑडीने, २००३ मध्ये. पोर्शच्या ९११ मध्ये पीडीके आलं ते थेट २००८ ला. मोंझाच्या विजयानंतर तब्बल २२ वर्षांनी!

दरम्यान घरात धाकटं भावंडं आलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्श आर्थिक गाळात होती आणि तिला बाहेर काढण्यात मोठा वाटा होता १९९६ च्या बॉक्स्टरचा. ९११ पेक्षा स्वस्त, इंजिन मध्यभागी, २.५ लिटर, २०४ हॉर्सपॉवर. हिला पाच गिअरचं मॅन्युअल किंवा टिपट्रॉनिक एस मिळायचं. टिपट्रॉनिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवालं खरंखुरं ऑटोमॅटिक, फक्त स्टिअरिंगवर गिअर बदलायची बटणं. ० ते १०० ला मॅन्युअल ६.९ सेकंद घ्यायची, टिपट्रॉनिक ७.६. तेव्हा वाद सोपा होता. मॅन्युअल वेगवानही आणि मजेदारही, ऑटोमॅटिक आरामाची.

पीडीकेने ही जोडी फोडली. २००९ च्या केमन एस मध्ये मॅन्युअल ५.२ आणि पीडीके ५.१. दहा वर्षांनंतरच्या ७१८ केमन जीटी४ मध्ये तर मॅन्युअल ४.४ आणि पीडीके ३.९. आता वेग एका बाजूला आणि मजा दुसऱ्या बाजूला. २०१३ मध्ये पोर्शने ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये काढली. तर्क बिनतोड होता. ट्रॅकसाठीची गाडी आहे, ट्रॅकवर घड्याळ बोलतं, मग हळू गिअरबॉक्स द्यायचाच कशाला?

पण चाहते खवळले. २०१६ मध्ये कंपनीने फक्त मॅन्युअलवाली ९११ आर काढली, मोजून ९९१ गाड्या. त्या हातोहात संपल्या आणि जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या गेल्या. २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल गुपचूप परत आलं. धाकट्या घरात तर २०१५ ची केमन जीटी४ मुळातच फक्त मॅन्युअलमध्ये काढली होती.

आता सिंक्रोमेशचा मुद्दा. तेव्हा कोणी रडलं नाही, मग आत्ताच का? मला वाटतं गिअर बदलण्यात तीन गोष्टी असतात. कधी बदलायचा हा निर्णय, तो अमलात आणणं, आणि त्यात चूक होण्याची शक्यता. सिंक्रोमेशने अंमलबजावणीतली नुसती मेहनत कमी केली, चुकायला भरपूर जागा ठेवली. पीडीके पॅडलवर चालवलं तर निर्णय तुमचाच असतो, पण चूक जवळजवळ अशक्य. अंगावर येईल असा खालचा गिअर मागितलात तर संगणक सरळ नकार देतो. आणि "मी चालवतोय" ही भावना नेमकी त्या चुकीच्या शक्यतेत असते. नीट जमलेल्या एका गिअरचा आनंद हा आधी न जमलेल्या पन्नास गिअर्समधून येतो. त्या पाच दशांश सेकंदांची किंमत लोक खुशीने मोजतात ती यासाठी.

शेवट मात्र उपरोधिक आहे. २०२४ मध्ये युरोपीय संघात पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक ७१८ गाड्यांची विक्री थांबली. कारण गिअरबॉक्स नाही, वेगही नाही, तर सायबर सुरक्षेचे नवे नियम! गाडीची जुनी इलेक्ट्रॉनिक्स त्यात बसत नव्हती. २०२५ मध्ये त्यांचं उत्पादनही संपलं. म्हणजे तिसऱ्या पेडलाचा बळी शेवटी आपल्याच जातभाईंच्या खात्यात.

आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ एन नावाची विजेवरची गाडी आणली. तिला बदलायचे गिअरच नाहीत, पण सॉफ्टवेअरने आठ गिअरांचं सोंग वठवता येतं. वेळेवर पॅडल ओढलं नाहीत तर लिमिटरला आपटल्यासारखी ती मुद्दाम अडखळते. म्हणजे कुणीतरी इंजिनिअर बसून ड्रायव्हरची चूक होण्याची जागा कोडमध्ये लिहीत होता.

सत्तर वर्षं खपून आपण चुका काढून टाकल्या आणि आता त्या फीचर म्हणून परत घालतोय. सोमवारी जेवताना हे सांगणार आहे. वाद मिटणार नाही, पण निदान लिफ्टवाल्याला थोडा वेळ गप्प बसावं लागेल. :-)