वाळूत दडलेली त्सुनामी : केळशीच्या टेकडीची साक्ष

त्सुनामी हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला तो २६ डिसेंबर २००४ नंतर. त्या दिवशी सर्वाधिक हानी पूर्व किनाऱ्यावर झाली आणि अरबी समुद्राची बाजू सुरक्षित आहे, हा समज अधिकच दृढ झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात केळशी येथे असलेली वाळूची टेकडी मात्र वेगळीच साक्ष देते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला होता. पुढे भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची नव्याने तपासणी केली. वाऱ्याने साचलेल्या बारीक वाळूमध्ये भरड वाळू आणि शंखशिंपल्यांचा विस्कळीत थर तेथे आढळतो. शिंपले उचलून नेण्याचे बळ वाऱ्यात नसते; हे काम पाण्याचेच. थराचा काळ साधारण पंधरावे ते सतरावे शतक असा निघतो.

याच काळातील एक लेखी नोंद उपलब्ध आहे. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामाचे आरमार दाभोळ परिसरात असताना शांत समुद्र अचानक खवळला व जहाजे हादरली, असे पोर्तुगीज बखरकार सांगतात. दाभोळ केळशीपासून फार दूर नाही. लाटेचा पुरावा आहे, पण तिला जन्म देणारा भूकंप निश्चित नाही; अशा घटनेस शास्त्रज्ञ 'अनाथ त्सुनामी' म्हणतात. संशय आहे तो पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यालगतच्या भूकंपप्रवण पट्ट्यावर. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तेथेच मोठा भूकंप झाला आणि सुमारे पाच तासांनी मुंबईत दोन मीटरच्या आसपास उंचीच्या लाटा येऊन सुमारे १५ जण दगावले.

असा थर वादळानेही साचू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. वादळी लाटा वारंवार आदळतात, म्हणून त्यांच्या गाळात बहुधा पातळ पापुद्रे दिसतात आणि तो किनाऱ्याजवळच थांबतो. त्सुनामीचा गाळ दूरवर पसरतो. त्यात खोल समुद्रातील सूक्ष्मजीवांची कवचे व खरवडलेल्या मातीची ढेकळे मिळतात. तरीही फरक नेहमीच स्पष्ट नसतो. कालमापनातही खोच आहे. समुद्रातील जुना कार्बन शोषल्यामुळे शिंपले प्रत्यक्षापेक्षा काही शतके जुने भासतात व तेवढी दुरुस्ती करावी लागते.

जपानमध्ये इ. स. ८६९ च्या जोगान त्सुनामीची वाळू सेंदाईच्या मैदानात दूर आतपर्यंत सापडली होती. संशोधकांनी इशाराही दिला होता. २०११ मध्ये समुद्र जवळपास तेथवरच आला.

हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून कार्यरत आहे. परंतु अशी लाट कोकणात किती वर्षांनी येते, हे एकट्या केळशीवरून ठरणार नाही. त्यासाठी हाच थर इतर खाड्यांत व खाजणांत शोधावा लागेल, आणि वाळूउपसा व बांधकामे चालतात ती नेमकी याच पट्ट्यात.