बदलते क्रमांक आणि स्थिर संदर्भ

‘अधिक विवेचनासाठी आकृती ७ पाहा’ असे ग्रंथकाराने लिहिले, की वाचकाशी त्याचा एक लहानसा करार होतो. वाचक सातव्या आकृतीपाशी जाईल, तेव्हा सांगितलेली वस्तू त्याला तेथे मिळालीच पाहिजे. परंतु लेखन चालू असता ग्रंथ वाढतो, घटतो, त्यातील भाग मागेपुढे होतात. तिसऱ्या आकृतीनंतर एक नवी आकृती आली, की सातवी आठवी होते आणि तिच्याकडे बोट दाखविणारे प्रत्येक वाक्य त्याच क्षणी खोटे ठरते. अडचण दिसावयास क्षुल्लक; तथापि तिच्या निवारणाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात पाने बांधून होईपर्यंत पृष्ठांक निश्चित होत नसत. म्हणून कच्च्या मुद्रितात ‘पृष्ठ ०००’ अशी शून्ये ठेवीत आणि अखेरच्या तपासणीत त्यांच्या जागी खरा आकडा बसवीत. एखादे शून्य नजरेतून निसटले, तर ते छापील ग्रंथात कायमचे राही.

क्रमांक बदलले म्हणजे विद्वानांनाही किती सायास पडतात, हे महाभारताच्या उदाहरणावरून दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये आरंभिले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक संहितेतून वगळल्यावर उरलेल्यांचे क्रमांक सरकणे अटळ होते. संपादकांनी वगळलेला मजकूर टाकून दिला नाही; तारकाचिन्हासह त्याला स्वतंत्र क्रमांक देऊन तो टीपांत जपला. तरीही मुंबई अथवा कलकत्ता प्रतीवरून दिलेला जुना संदर्भ शोधणाऱ्याला आधी प्रत कोणती, हेच विचारावे लागते.

विधिज्ञांनी निराळा मार्ग पत्करला. एकदा दिलेला क्रमांक शक्यतो हलवावयाचाच नाही, हा तो मार्ग होय. भारताच्या संविधानात मुळात ३९५ अनुच्छेद होते. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा हक्क आला, तेव्हा त्याला २२ हा आकडा देऊन पुढचे सर्व अनुच्छेद ढकलले नाहीत. २१ च्या पाठीशी ‘२१-क’ म्हणून त्याला बसविले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेविषयीचा अनुच्छेद ३१ गाळला, पण त्याची जागा दुसऱ्या कोणास दिली नाही. अनुच्छेदांची संख्या पुष्कळ वाढली, तरी अखेरचा आकडा अद्यापि ३९५ हाच आहे. मांडणीची सुबकता गेली, परंतु जुन्या निकालपत्रांतील संदर्भ शाबूत राहिले.

संगणकाने दुसरा उपाय दिला. अमेरिकेतील ब्रायन रीड यांची ‘स्क्राइब’ ही प्रणाली १९८० च्या सुमारास पुढे आली आणि त्याच दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ रचली. दोहोंतही लेखकाने संदर्भात आकडा लिहावयाचाच नसतो. तो आकृतीला एक खूणनाव देतो आणि संदर्भाच्या जागी तेच नाव लिहितो. आकडा मोजण्याचे काम यंत्राचे. ‘लाटेक’ पहिल्या फेरीत प्रत्येक खुणेचा क्रमांक व पृष्ठ एका साहाय्यक नोंदीत टिपते आणि दुसऱ्या फेरीत ते मजकुरात भरते. ज्या खुणेचा पत्ता लागत नाही, तेथे दोन प्रश्नचिन्हे उमटतात. छापखान्यातील शून्यांचेच हे नवे रूप, असे म्हणता येईल.

कचेऱ्यांत रुळलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’मध्येही संदर्भ लपलेल्या खुणेशी बांधता येतो. मात्र नवे कलम घातले, की कलमांचे क्रमांक आपोआप बदलतात. त्यांचे संदर्भ बदलतीलच असे नाही. ‘क्रमांक ५ पाहा’ हे वाक्य, सगळा मजकूर निवडून एफ-९ ही कळ दाबीपर्यंत, तसेच खोटे राहू शकते. मूळ कलमच पुसले गेले असेल, तर अद्ययावत करताना संदर्भाचे मूळ सापडत नसल्याची सूचना मजकुरातच उमटते. तीही बरी म्हणावयाची, कारण ती डोळ्यांत भरते. हाताने टंकलेला चुकीचा आकडा मात्र बिनतक्रार बसून राहतो आणि करारनाम्यात तोच घात करतो.

यंत्राची सत्ता त्याच्या हाती असलेल्या दस्तऐवजापुरतीच. १ जुलै २०२४ रोजी १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये आले. इतर कायद्यांतील जुने उल्लेख निराधार होऊ नयेत म्हणून १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे आठवे कलम उपयोगी पडते : निरसित तरतुदीचा उल्लेख, विरुद्ध हेतू दिसत नसेल तर, तिच्या जागी आलेल्या तरतुदीचा समजावा. एका वाक्याने हजारो संदर्भ अद्ययावत करण्याची ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

परंतु त्या दिवसापूर्वी घडलेल्या अपराधांचे खटले जुन्याच क्रमांकांनी चालतात. आणि लबाडाला ‘चारसे वीस’ म्हणणाऱ्या लोकभाषेला तर कोणताच अधिनियम लागू नाही. लेखकाच्या मेजावर असेतोवर क्रमांक त्याचा असतो, तेव्हा तो यंत्राकडून पुनःपुन्हा मोजून घ्यावा. जगात गेल्यावर तो इतरांचा होतो. मग तो बदलण्यापूर्वी त्याच्या भरवशावर कोण कोण उभे आहेत, ते पाहणे बदलणाऱ्याचे कर्तव्य ठरते.